तिसऱ्या ग्लासातलं लोणी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. शुक्रवारी निवृत्त झालो. एकतीस वर्षं गावाच्या पाणीपुरवठ्यात काढली. केक होता, भाषणं झाली. माझं भाषण सुरू झाल्यावर बरेच जण गाड्या गरम करायला बाहेर गेले. थंडीच तशी होती.

लोक विचारतात, वर्लिन, आता काय करणार. उत्तर तयार आहे. ऑगस्टात काउंटीची जत्रा भरते, तिथे घरगुती बिअर आणि वाइनच्या टेबलावर तीन जज बसतात. त्यातला एक यंदा ॲरिझोनाला राहायला गेला. एक खुर्ची रिकामी. ती माझी. घरगुती बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबची प्रमुख कॉनी पावलाक, जी हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते, ती १४ जूनला परीक्षा घेणार आहे. उमेदवार तीन: मी, एक दातांचा डॉक्टर आणि लायब्ररीत काम करणारी एक मुलगी. म्हणजे उमेदवार एकच.

संकल्प. एक, रोज एक टेस्टिंग. दोन, घोट तोंडात फिरवून थुंकायचा, गिळायचा नाही. तीन, वहीत फक्त खरं लिहायचं.

आर्डिसला वाचून दाखवले. माझी बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आहे, कौतुक कमीच करते. म्हणाली, दुसरा संकल्प आठवडाभर टिकला तर तुला चांगली बादली आणून देईन.

५ मार्च, बुधवार

पहिलं टेस्टिंग. रेड वाइन, ऑफिसातल्या लोकांनी दिलेली.

रंग: गडद. वास: ओला दगड, सुकलेला गुलाब, मागे कुठेतरी घोड्याचं खोगीर. चव: भारदस्त. गुण: शंभरपैकी ९१.

आर्डिसने विचारलं, तू खोगिराचा वास कधी घेतलास. मी म्हणालो, ते आतून येतं.

थुंकलो नाही. पहिलीच बाटली, तिचा अपमान कशाला.

जानेवारीतला फ्लू आता पूर्ण गेला. पण आर्डिसचा हात बिघडलाय. सूप पाणचट, कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. प्रेमाने सांगितलं. तिने मिठाची डबी माझ्यासमोर आदळली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

९ मार्च, रविवार

लायल आला होता. आर्डिसचा धाकटा भाऊ, दुधाचा टँकर चालवतो. चाळीस वर्षं एकाच कंपनीची कॅनमधली बिअर पितो आणि त्याचे खोके आमच्या गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवतो, कारण त्याच्या फ्रिजमध्ये हरणाचं मांस असतं.

त्याच्यासाठी मुद्दाम एक स्टाउट, म्हणजे काळी कडक बिअर, उघडली. म्हटलं, काय जाणवतंय ते सावकाश सांग. त्याने सावकाश विचार केला. म्हणाला, थंड आहे. मी त्याला भाजलेली कॉफी, कोको आणि जळक्या लाकडाबद्दल वीस मिनिटं समजावून सांगितलं. तो म्हणाला, महाराज, एवढं सगळं पोटात जाणार असेल तर रात्रीचं जेवण मी टाळतो.

गुण (लायलला): ०.

२१ मार्च, शुक्रवार

किट आलं. क्लबचे मुरलेले लोक हेच वापरतात. छोट्या छोट्या चोवीस कुप्या, प्रत्येकीत बिअरच्या एकेका दोषाचा अर्क: लोणी, उकडलेला मका, ओला पुठ्ठा, हिरवं सफरचंद, बोकड, आणि स्कंक. हो, तोच शेपटी उचलून घाणेरड्या वासाचा फवारा मारणारा काळा-पांढरा प्राणी. बाटलीला ऊन लागलं की बिअरला त्याचाच वास मारतो. साध्या बिअरमध्ये कुपी ओतायची आणि हुंगून ओळखायचं. कोणत्या ग्लासात काय आहे ते आपल्याला माहीत नसावं, म्हणून ओतायला दुसरं माणूस लागतं. लायल नको. आर्डिस.

तिने अट घातली की मी नाक डॉक्टरला दाखवायचं. का, तर काल मी नासलेल्या दुधात सिरिअल घालून अख्खा वाडगा संपवला म्हणे. ती दारातून आत आली तेव्हा तिला उमासा आला. मी म्हणालो, तयार जिभेला आंबलेपणा त्रास देत नाही, उलट त्यात तिला गंमत वाटते. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कौतुकाने असावं.

अट मान्य केली. तारीख ठरवलेली नाही.

२८ मार्च, शुक्रवार

पहिली बैठक. चार ग्लास. माझी उत्तरं: मका, पुठ्ठा, लोणी, सफरचंद. खरी उत्तरं: पुठ्ठा, लोणी, सफरचंद, स्कंक. वरवर पाहता चारपैकी शून्य. पण माझी उत्तरं एक घर मागे सरकवली तर चारपैकी तीन बरोबर येतात. म्हणजे ज्ञान आहे, फक्त रांग चुकली.

 चौथा ग्लास आर्डिसने स्वतः हुंगला आणि तोंड फिरवलं. मग म्हणाली, वर्लिन, हा पुन्हा एकदा हुंग. मी पुन्हा हुंगला आणि सफरचंदाचं साल, असं अधिक नेमकं सांगितलं. तिने ग्लास उचलून बेसिनमध्ये ओतला आणि खिडकी उघडली. बाहेर बर्फ पडत होता. बायकांना थंडीचं काही कळत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी

ओल्या पुठ्ठ्यावर खास मेहनत. गॅरेजमध्ये एक खोका पाण्याने भिजवला आणि त्यात डोकं घालून वीस मिनिटं बसलो. वास येईना. पुठ्ठ्याचा दर्जा पूर्वीचा राहिलेला नाही.

तेवढ्यात लायल त्याची बिअर न्यायला आला. माझं डोकं खोक्यात होतं, त्यामुळे तो किती वेळ उभा होता कळलं नाही. घरात जाऊन आर्डिसला विचारत होता, कोणाला फोनबिन करू का.

११ एप्रिल, शुक्रवार

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपास चालू आहेत, शुक्रवारी मांस नाही, म्हणून नेहमीप्रमाणे सपर क्लब या गावातल्या हॉटेलात तळलेला मासा. तिथली बिअर मी पहिल्याच हुंगण्यात परत पाठवली. वाढणाऱ्या बाईला शांतपणे समजावलं की यात लोणी आहे, हा बनवणाऱ्याचा दोष, तुझा नाही. तिने दुसरा ग्लास आणला. निर्दोष. आसपासच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तसं सांगितलं.

गाडीत आर्डिस म्हणाली, तो तोच ग्लास होता. बाईने काउंटरखाली ठेवला, दोन गिऱ्हाइकांशी बोलली आणि उचलून परत आणला, मी डोळ्यांनी पाहिलं. मी खुलासा केला. बिअरला दोन मिनिटं विश्रांती मिळाली की लोणी उडून जातं. हे फार थोड्यांना माहीत आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

प्रगती अफाट. आज चारपैकी चार. गेल्या शुक्रवारीही चार. पहिल्या बैठकीनंतर आर्डिसने खरी उत्तरं सांगणं बंद केलंय. मी सांगतो, ती हं म्हणते. चूक असती तर ती गप्प बसली असती का? तिसऱ्या ग्लासात लोणी फार सापडतं. तिची सवय माझ्या लक्षात आलीय.

कुप्याही संपत नाहीत. माल चांगला आहे.

शेगडी बिघडली आहे. आर्डिस शाळेत गेली की पेटत नाही, ती आली की पेटते. दुपारची कॉफी मायक्रोवेव्हमध्ये करतो. कशीही केली तरी गरम पाणीच लागते.

३ मे, शनिवार

अंगणात डँडेलायनची पिवळी फुलं आली. दरवर्षी आर्डिस त्यांची वाइन घालते, तिच्या आईची पद्धत. आज गेल्या वर्षीची बाटली उघडली. तिने विचारलं, कशी झालीय. विचारलं म्हणून सांगितलं. तिसरा संकल्प आहेच.

रंग: ठीक. वास: फिका, गवताळ, हौशी. चव: पाणचट. गुण: ५८.

वही मी टेबलावर उघडी ठेवली होती.

५ मे, सोमवार

आर्डिस अजून बोलत नाही. जजच्या वाट्याला एकटेपणा येतोच. लायलने फोन केला आणि म्हणाला, अठ्ठावन्न? तुझं काही खरं नाही राव, ती बाटली मी एका घोटात ओळखतो, तीत आमची म्हातारी बसलेली असते. मी म्हणालो, भावना वेगळी आणि गुण वेगळे. तो म्हणाला, तर मग बाहेरच जेव.

परवापासून तेच करतोय.

१६ मे, शुक्रवार

छोटा प्रसंग. आर्डिस मागे रोपं लावत होती. शेगडीवर बीन्स होत्या, लक्ष ठेव म्हणाली होती. मी शेजारीच टेबलावर ओरेगॉनची एक वाइन तपासत होतो. नाजूक वाइन, एकाग्रता लागली. धुराचा अलार्म वाजला तेव्हा मान वर केली. स्वयंपाकघर निळं झालं होतं. त्यावरून वाइनच्या वासात धुराची छटा लिहिली आणि दोन गुण वाढवले.

आर्डिस धावत आली. भांडं बाहेर फेकलं. मग मला दंडाला धरून म्हणाली, तू चार फुटांवर बसला होतास.  एका भांड्यासाठी इतकं? नवीन आणून देईन म्हणालो. ती म्हणाली, मला भांडं नकोय, तू डॉक्टरकडे चल.

२२ मे, गुरुवार

तिने परस्पर डॉक्टरची वेळ घेतली होती. मी परस्पर रद्द केली. परीक्षेला तीन आठवडे उरलेत आणि अशा वेळी नाकात कोणी परका माणूस दिवे घालून बघणार? मैफलीच्या आधी कोणी पियानो खोलत नाही.

तिला सांगितलं, १४ जूननंतर नक्की. ती म्हणाली, आणि तोपर्यंत? मी म्हणालो, तोपर्यंत सराव.

१३ जून, शुक्रवार

आर्डिसच्या भाचीचं ग्रॅज्युएशन, त्यामुळे ती बहिणीकडे गेली, रविवारी येईल. जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावली: दूध आजच आणलंय, मांस मी बघून ठेवलंय, शेगडी वापरू नकोस, सँडविच खा. माझ्या परीक्षेबद्दल अक्षर नाही. दारात मात्र थांबली, म्हणाली, वर्लिन, उद्या जाऊ नकोस. मी म्हणालो, घाबरू नकोस, मी निवडून आलो तरी बदलणार नाही.

आज नाकाला विश्रांती.

१४ जून, शनिवार. सकाळी ६.१५

ताजातवाना. नवीन शर्ट, इस्त्रीचा. वाल्डोला (आमचा कुत्रा, म्हातारा बीगल) पहाटे बाहेर सोडलं होतं. कुंपणापाशी कुठल्या तरी प्राण्याच्या मागे लागला, मग विव्हळत, डोळे चोळत परत आला. बिचारा आंधळेपणाने माझ्या अंगावर घासत राहिला. माझ्यासाठी हळवा झालाय. मी त्याला घट्ट जवळ घेतलं. निदान घरात एकाला तरी आजचं महत्त्व कळतं.

६.४०. गाडीत तोही हवा म्हणून हटून बसला. नेतो.

दुपारी १२.४०. गाडीत, हॉलच्या पार्किंगमध्ये. काचा बंद

जे झालं ते क्रमाने लिहितो, पुढे तक्रार अर्जाला उपयोगी पडेल.

वाटेत पंपावर कॉफीला थांबलो. रांगेतले चौघेही बाजूला झाले आणि मला पुढे जाऊ दिलं. काउंटरवरच्या पोराने पैसेही घेतले नाहीत, नुसता हात हलवून जा जा म्हणाला. बातमी पसरली असावी.

हॉलमध्ये कॉनी हात मिळवायला पुढे आली आणि तीन पावलांवर थांबली. तोंडावर हात. डोळ्यांत पाणी. मला बरं वाटलं, आजकाल क्लबसाठी एवढं कोण भावुक होतं. दातांच्या डॉक्टरच्याही डोळ्यांत पाणी. त्याच्या बाबतीत ती परीक्षेची धास्ती.

सहा ग्लास. मी ठामपणे लिहीत गेलो. एक: निर्दोष. दोन: मका. तीन: लोणी. चार: निर्दोष, रानफुलांचा हलका सुगंध. माझ्या शेजारची लायब्ररीवाली मुलगी दोनदा उठून खिडक्या उघडून आली. डॉक्टर कॉनीला म्हणाला, बाई, सहाच्या सहा ग्लासांत तुम्ही स्कंकच ओतलाय का? मी मनात म्हटलं, गेला हा.

कॉनी एकेक ग्लास हुंगत टेबलाभोवती फिरली. मग आम्हाला हुंगत फिरली. माझ्यापाशी थांबली. फार हळू आवाजात विचारलं, वर्लिन, तुला या खोलीत कसला वास येतोय?

मी ओळखलं. हा सातवा, छुपा प्रश्न. डोळे मिटले, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तीन छोटे श्वास घेतले आणि म्हणालो, लोणी.

 डॉक्टर हसायला लागला होता, कॉनीने त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला. ती मला बाहेर घेऊन आली. गाडीत वाल्डो बघितला. म्हणाली, कुत्र्यावर स्कंकने फवारा मारलाय आणि तुझ्या अंगालाही तोच वास आहे, इतका की पलीकडच्या खोलीत गोधड्या शिवणाऱ्या बायकाही उठून गेल्या. मी शर्टाची कॉलर ओढून हुंगली. म्हणालो, कॉनी, या शर्टाला कसलाही वास नाही.

ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

बाकीच्या दोघांची परीक्षा झाडाखाली पुन्हा घेतली. मला गाडीत बसायला सांगितलं.

अर्जाचे मुद्दे. एक, परीक्षागृहातली हवा दूषित होती. दोन

१२.५५. वाल्डोच्या मानेत नाक खुपसून बघितलं. काही नाही. पुन्हा बघितलं.

१५ जून, रविवार

आर्डिस चारला आली. स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. मी खुर्चीत होतो, वाल्डोचं डोकं माझ्या मांडीवर. रात्रभर तो माझ्याच पायाशी झोपला होता. मी सांगायला सुरुवात केली की तिथे कट झाला. ती बॅग घेऊन तशीच बाहेर पायरीवर बसली आणि रडली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिला असं रडताना दोनदाच पाहिलंय.

मग आत आली. नाक न धरता माझ्या शेजारी बसली. म्हणाली, पहिल्या शुक्रवारी चौथ्या ग्लासात मी स्कंकची अख्खी कुपी ओतली होती. मला स्वयंपाकघरात उभं राहवेना आणि तू सफरचंदाचं साल म्हणालास. त्यानंतर तुझ्या ग्लासांत मी काहीच घातलं नाही. दर शुक्रवारी चारही ग्लासांत लायलची बिअर.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, सांगितलं की. दुधाच्या वेळी सांगितलं, बीन्सच्या वेळी सांगितलं. दरवेळी तू मला समजावून सांगायचास. मग म्हणाली, शाळेत जाताना मी रोज शेगडीमागचा गॅसचा नळ बंद करून जाते, वर्लिन. गॅस सुटला तर तुला कळणार नाही म्हणून. दिवसभर तिथे चारशे पोरांचं जेवण करते आणि डोक्यात तो नळ असतो.

मला काही समजावता आलं नाही. लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, आणि ती इतके महिने तिने एकटीने बाळगली होती.

म्हणालो, डँडेलायनची वाइन चांगली असणार. ती म्हणाली, असणार नाही, आहे.

संध्याकाळी तिने मला आणि वाल्डोला अंगणात उभं करून पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाने घासलं. लायल कॅन घेऊन कुंपणाला टेकून बघत होता. म्हणाला, ताई, दोघांना एकाच दोरीवर वाळत घाल. मग माझ्यासाठीही एक कॅन ठेवून गेला. थंड होती. बाकी काही सांगता येणार नाही.

तक्रार अर्ज फाडला.

२४ जून, मंगळवार. सकाळी

काल डॉक्टर. नाकात दिवा घालून बघितलं, दोन मिनिटं. म्हणाला, फ्लूने वास नेला, जिभेवरची बरीचशी चवही त्याच्याबरोबर गेली. परत येईल का? येईल, नाहीही येणार. जानेवारीतच दाखवायला आला असतात तर बरं झालं असतं, म्हणाला. आर्डिस माझ्याकडे बघत नव्हती, हे तिचे उपकार.

कॉनीचा फोन. खुर्ची लायब्ररीवाल्या मुलीला मिळाली. पाच ग्लास बरोबर ओळखले. कॉनीने विचारलं, जत्रेत बाटल्यांवरचे नंबर बघायला येशील का, डोळे शाबूत असलेलं माणूस हवंय. येतो म्हणालो.

डॉक्टरने व्यायाम दिलाय. लवंग, गुलाब, लिंबू, निलगिरी. चार बाटल्या, दिवसातून दोनदा. नाव वाचायचं, वीस सेकंद हुंगायचं आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. आज आर्डिस घड्याळ घेऊन समोर बसली. लवंग: काही नाही. गुलाब: काही नाही. नव्वद पानं वासांनी भरलीत, त्यातला एकही मला आठवेना. लिंबाची बाटली हातात धरून तिला विचारलं, लिंबाचा वास कसा असतो ग?

तिने बाटली घेतली. हुंगली. बराच वेळ विचार केला, दोनदा तोंड उघडून मिटलं. शेवटी म्हणाली, लिंबासारखा. मी म्हणालो, अजून काही? तिने पुन्हा हुंगलं. म्हणाली, नाही रे, लिंबासारखाच.

तसंच लिहून घेतलं.